कायदा हॉटेलाच्या दारात, जुगार खिशात

७ मे २००९ रोजी युक्रेनमधल्या द्निप्रोपेत्रोव्स्क (आजचं द्निप्रो) शहरात स्लॉट मशीनच्या एका हॉलला आग लागली आणि ९ माणसं दगावली. सोव्हिएत राजवट गेल्यावर अशी मशीनं शहरांत जागोजागी उभी राहिली होती, लोकांचा राग आधीपासूनच साचलेला होता. पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांच्या सरकारनं सरसकट बंदीचा आग्रह धरला. राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को यांनी विधेयक परत पाठवलं, तरी संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं. जून संपायच्या आत देशभर जुगार बेकायदा झाला.

त्या घाईमागचं दुःख खरं होतं. पण लॉटरीला बंदीतून वगळलं होतं, आणि अड्डेवाल्यांना तेवढी फट पुरली. मशीनं तीच, दारावर पाटी लॉटरीची. आत पैसे हरणाऱ्या माणसाला मात्र तक्रार करायला जागा उरली नाही. जे कायद्यानं अस्तित्वातच नाही, त्याची दाद कुठे मागणार? बंदीचं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं.

२०१९च्या अखेरीस झेलेन्स्की सरकारनं हे हॉल बंद करायला घेतले आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२०मध्ये, जुगार कायदेशीर करणारा कायदा लागू झाला. तिजोरीत कर येईल, पर्यटक येतील, असा हिशेब होता. वयाची अट २१ वर्षांची. कीव्हमध्ये कॅसिनो काढायचा तर पंचतारांकित हॉटेल हवं, तेही किमान १५० खोल्यांचं. परवाने देण्यासाठी 'क्राइल' नावाचा आयोग नेमला गेला. गल्लीतला अड्डा हॉटेलात नेऊन बसवायची ही योजना कागदावर नेटकी होती. पण त्याच कायद्यानं ऑनलाइन जुगारालाही परवाने दिले, आणि मोबाइलला ना खोल्या मोजाव्या लागतात ना तारे.

मग २०२२मध्ये रशियानं पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. खंदकात महिनोन् महिने घरापासून दूर असलेल्या सैनिकाच्या हाती विरंगुळ्याला काय, तर फोन. मार्च २०२४च्या अखेरीस पावलो पेट्रिचेन्को या सैनिकानं राष्ट्राध्यक्षांना जाहीर अर्ज केला. कितीतरी सैनिक जुगारापायी कर्जात बुडालेत, काहींनी तर ड्रोन आणि थर्मल कॅमेरेही गहाण टाकलेत, असं त्यात मांडलं होतं. शत्रू अंधारात ज्यातून दिसतो तो कॅमेरा गहाणवटीच्या दुकानात! अर्ज विचारात घ्यायला २५,००० सह्या लागतात. त्या बघता बघता जमल्या.

पुढे डिसेंबर २०२४च्या कायद्यानं 'क्राइल' बरखास्त झाला आणि २०२५पासून ते काम डिजिटल मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या 'प्लेसिटी' या यंत्रणेकडे गेलं. पण सैनिकांना ऑनलाइन जुगाराची मनाई करणारा आदेश त्याआधीच, २० एप्रिल २०२४ रोजी निघाला होता. पेट्रिचेन्को त्या आदेशाच्या पाच दिवस आधी आघाडीवर मारला गेला होता.