पैनगंगेकाठची कपाशी आणि ओरेगॉनमधल्या फायली

पैनगंगेच्या दक्षिण काठावर, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला-जैनथच्या काळ्या रानात कपाशी कशी वाढते आहे, हे ७८६ किलोमीटर उंचीवरून टिपले जाते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी इथून जाते. तिच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परतवते. या दोन पट्ट्यांची तुलना केली की पिकाचा जोम कळतो.

ही चित्रे मोफत आहेत, पण जड. एका चित्रात १०,९८० बाय १०,९८० ठिपके. एकेका पट्ट्याचा मूळ आकार सुमारे २४ कोटी बाइट. खरिपात ढग आडवे येतात, म्हणून निरभ्र दिवस शोधायला हंगामातल्या साऱ्या फेऱ्या चाळाव्या लागतात. इतक्या फायली आपल्या साठ्यासाठी लॅपटॉपवर उतरवून पुन्हा क्लाउडवर चढवणे म्हणजे कापूस आधी घरात भरून मग जिनिंगला नेणे. हमाली दोनदा पडते.

त्यापेक्षा क्लाउडमधल्याच संगणकावर छोटा प्रोग्राम चालवावा. या चित्रांचा एक खुला साठा ॲमेझॉनच्या ओरेगॉनमधल्या केंद्रात आहे; हैदराबादेत त्याच कंपनीचे केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. आदिलाबादच्या विद्यार्थ्याने फक्त वेबपत्त्यांची यादी द्यायची. प्रोग्राम फाइल थोडी थोडी वाचतो आणि वाचलेला भाग लगेच हैदराबादेतल्या आपल्या साठ्याकडे सरकवतो. मोठी फाइल तुकड्यांनी चढते. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा. एखादा अडला तर तेवढाच पुन्हा पाठवायचा. गावातले नेट गेले तरी काम चालूच राहते.

मात्र सर्व्हरचे आकड्यातले उत्तर तपासलेच पाहिजे. २०० आले तर फाइल मिळाली. ४०४ आले आणि प्रोग्रामने ते पाहिलेच नाही, तर ‘पान सापडले नाही’ हा मजकूरच चित्राच्या नावाने साठवला जातो. म्हणून फाइलचा आकार आणि चेकसम (फाइलच्या मजकुरातून काढलेला पडताळ्याचा आकडा) ताडून पाहावेत. यादीत खात्रीचेच पत्ते असावेत. कोणीही दिलेला पत्ता उघडणाऱ्या प्रोग्रामकडून क्लाउडच्या आतली गुप्त माहिती बाहेर काढून घेता येते.

अतिवृष्टीने पीक गेले की शेतकऱ्याकडे पुरावा मागितला जातो. तो हाताशी असावा म्हणून पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या महाविद्यालयांनी आपापल्या शिवाराची चित्रे दर हंगामात जमवावीत आणि प्रत्येक फायलीसोबत मूळ पत्ता व तारीख नोंदवून ठेवावी.