‘पुस्तक नाही’ म्हणण्यापूर्वी : ग्रंथतालिकेत शोध कसा घ्यावा?

कल्याण हे प्राचीन काळी नावाजलेले बंदर होते, असे वर्गात सांगितले की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “मग समुद्र कुठे आहे?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्यात इतिहास आहे, भूगोल आहे आणि विज्ञानही आहे. शिक्षक ग्रंथालयात जातात, तालिकेत ‘कल्याण बंदराचा इतिहास’ असे शोधतात. काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर जाते, “त्यावर पुस्तक नाही.” विद्यार्थ्याचे कुतूहल तिथेच थांबते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर असलेली पुस्तके आहेत. फक्त ती त्या नावाखाली नाहीत.

ठाणे-कल्याण परिसराला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला आगगाडी पोहोचली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. डोंबिवलीच्या शिक्षकाला ही दोन्ही गावे लोकलने जवळची. पण ग्रंथालय जवळ असणे आणि ग्रंथ हाती येणे यांत अंतर असते. जेथे वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत, तेथे काउंटरवर चिठ्ठी द्यावी लागते. अशा ठिकाणी तालिका हीच आपली एकमेव खिडकी असते. म्हणून या खिडकीतून पाहावे कसे, हे आपण समजून घेऊ.

तालिकेला काय माहीत असते?

खणातले कार्ड असो की संगणकाचा पडदा, नोंद साधारण तीच असते : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, विषय, वर्गांक आणि दाखल क्रमांक. पुस्तकाच्या आत काय लिहिले आहे, हे तालिकेला सहसा ठाऊक नसते. आपला प्रश्न तर तिला मुळीच कळत नाही. ती फक्त शब्दाला शब्द जुळवून पाहते. म्हणून पूर्ण वाक्य घालून शोधण्यात अर्थ नाही. प्रश्न फोडून त्यातील नामे वेगळी काढावीत. आपल्या प्रश्नातून ‘कल्याण’, ‘बंदर’, ‘खाडी’, ‘उल्हास नदी’, ‘भरती-ओहोटी’, ‘गाळ’, ‘व्यापार’ असे शब्द निघतात. हे आधी कागदावर लिहावेत आणि एकेक करून तपासावेत.

आता पहिलीच गंमत पाहा. संगणकावर नुसते ‘कल्याण’ टाकले तर महिला व बाल कल्याणाची पुस्तके येतील, कल्याण रागावरची येतील, ‘कल्याण’ या हिंदी धार्मिक मासिकाचे अंकही येतील. ‘ठाणे’ शोधताना पोलीस ठाणे आडवे येते. अशा वेळी दोन शब्द एकत्र द्यावेत : ‘कल्याण’ आणि ‘बंदर’. यादी लांबली की शब्द वाढवावा, रिकामी आली की शब्द कमी करावा. हा साधा नियम पुष्कळ वेळ वाचवतो.

मराठी शब्दाचे शेपूट

मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे रूप बदलते. ‘नदी’ शोधणाऱ्याला ‘नद्यांचे’ हा शब्द असलेले शीर्षक मिळेलच असे नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. यावर उपाय म्हणजे शेवटचा स्वर सोडून शब्दाचे मूळ द्यावे आणि पुढे तारांकन करावे : ‘नद*’, ‘खाड*’, ‘बंदर*’. कोहासारख्या ग्रंथालय-प्रणालीत ही खूण चालते. अन्यत्र कोणती चालते ते ग्रंथपालांना विचारावे. मात्र तारतम्य हवे. पक्ष्यांसाठी ‘पक्ष*’ टाकले तर राजकीय पक्ष आणि पक्षांतरही थव्याने येतील!

जुन्या पुस्तकांत लेखनही वेगळे असते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या शीर्षकांत ‘ठाणें’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार दिसतात. कार्डांच्या खणांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कधी वर्णमालेच्या शेवटी असतात, तर कधी ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात. एका जागी नसेल तर दुसरी जागा पाहावी.

विषयांची नावेही काळाबरोबर बदलतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा प्रसिद्ध ग्रंथ भारतीय खगोलविद्येचा इतिहास सांगतो. पण त्याच्या नावात ‘ज्योतिषशास्त्र’ हा शब्द आहे. ‘खगोलशास्त्र’ एवढेच शोधणाऱ्याला तो सापडणार नाही आणि ‘ज्योतिष’ म्हणजे भविष्य असे समजणारा तो पाहूनही पुढे जाईल. योग्य संज्ञा ठाऊक नसतील तर आधी मराठी विश्वकोशातील नोंद वाचावी. शोधासाठी लागणारे शब्द तिथे मिळतात.

एक पायरी वर चढा

कल्याणची माहिती देणाऱ्या पुस्तकाच्या नावात ‘कल्याण’ असेलच असे नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चौदावा खंड १८८२ साली निघाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील स्थळांची माहिती आहे आणि कल्याणही त्यात येते. पण तालिकेत तो ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ किंवा जुन्या इंग्रजी स्पेलिंगातल्या ‘थाना’ या नावाखाली असतो. म्हणून गाव मिळाले नाही तर जिल्हा पाहावा, जिल्हा नाही तर कोकण, तेही नाही तर मुंबई इलाखा. जुनी नावेही आठवावीत. ठाणे शहर आणि मुंबईची उपनगरे ज्या बेटावर आहेत, त्याचे नाव साष्टी. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि पालघर जिल्हा २०१४ पर्यंत ठाण्यातच होता.

एक प्रश्न, अनेक कपाटे

अनेक ग्रंथालयांत पुस्तके मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश पद्धतीने लावतात. एका पुस्तकाला एकच जागा देता येते. पण प्रश्न मात्र अनेक जागी विखुरतो. आपल्याच प्रश्नाचे पाहा : बंदरे आणि जलवाहतूक ३८७ मध्ये, समुद्रविज्ञान ५५१.४६ मध्ये, प्राचीन भारताचा इतिहास ९३४ मध्ये. विज्ञानाचे शिक्षक ५०० च्या पलीकडे गेले नाहीत, तर त्यांना अर्धेच उत्तर मिळेल.

ते कसे? विज्ञानाचे कपाट सांगते की समुद्र कुठे गेलेला नाही. उल्हास नदीच्या खाडीवाटे भरतीचे पाणी कल्याणपर्यंत येते, आणि लहान गलबतांना आत सुरक्षित थांबण्यासाठी अशी खाडी सोयीची असते. इतिहासाचे कपाट वेगळीच बाजू दाखवते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लियेना’ असा येतो. तेथे उतरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे बंदराचे भाग्य केवळ पाण्याच्या खोलीवर ठरत नव्हते. सत्ता कोणाची, हेही महत्त्वाचे होते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, हे लेण्यांवरच्या पुस्तकांतून कळते.

ललित साहित्याच्या कपाटातही विज्ञान लपलेले असते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यामहिन्यांची झाडे-फुले आहेत, पण ते वनस्पतिशास्त्रात नव्हे, ललितलेखनात शोधावे लागते.

एक सापडले की शेजारी पाहा

सर्वांत उपयोगी युक्ती ही : एक चांगले पुस्तक मिळाले की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षक आणि वर्गांक टिपून घ्यावा. तालिका करणाऱ्याने वापरलेला शब्द आता आपल्याला कळला. त्याच शब्दाने आणि त्याच वर्गांकाने पुन्हा शोधावे. मग पुस्तकाच्या शेवटी दिलेली संदर्भसूची पाहून त्या लेखकांची नावे तपासावीत. नाव आडनावापासून शोधावे : ‘भागवत, दुर्गा’. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची दोन्ही नावे पाहावीत; कुसुमाग्रज एखाद्या खणात ‘शिरवाडकर’ म्हणून बसलेले असतात.

एवढे करूनही मिळाले नाही, तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांच्या नोंदी तिच्या दोन भागांत आहेत. पुस्तक मुळात छापले गेले होते का, हे त्यातून कळते. मग ‘या ग्रंथालयात नाही’ आणि ‘असे पुस्तकच नाही’ यांतला फरक स्पष्ट होतो. शेवटी ग्रंथपालांकडे जाताना आपण कोणकोणते शब्द शोधले, तो कागद बरोबर न्यावा. त्यांचे काम सोपे होते.

वर्गात करून पाहा

वर्गातील चाळीस पुस्तके घ्या. प्रत्येक पुस्तकासाठी मुलांकडून तीन कार्डे करून घ्या : लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. विषय मुलांनीच ठरवावा. मग दुसऱ्या गटाला कार्डांवरून पुस्तके शोधायला सांगा. एकाने ‘साप’ लिहिले, दुसरा ‘सरपटणारे प्राणी’ शोधतो आहे, असे प्रसंग येतील. अशा प्रत्येक ठिकाणी ‘साप पाहा’ किंवा ‘सरपटणारे प्राणी पाहा’ असे एक जोडकार्ड मुलांनाच घालू द्या. शोध फसला तर पुस्तक नाही असे नव्हे, शब्द बदलून पाहायचा, हे त्यांना त्यातून आपोआप उमगेल. विज्ञानातही आपण याहून वेगळे काय शिकवतो?