शंभर रुपयांचं घर

‘श्री ४२०’ म्हटलं की घरातल्या बुजुर्गांना पावसातली छत्री आठवते, गाणी आठवतात. अलीकडे आम्ही तो मुलांना सोबत घेऊन पुन्हा पाहिला. या वेळी छत्रीपेक्षा फुटपाथच जास्त लक्षात राहिला.

चित्रपट १९५५ चा. दिग्दर्शक आणि नायक राज कपूर, लेखक ख्वाजा अहमद अब्बास आणि त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे. अलाहाबादहून आलेला बी. ए. पास राज मुंबईत काम शोधतो. प्रामाणिकपणासाठी मिळालेलं पदक त्याच्याजवळ आहे. पोटाची आग विझवायला तो तेच गहाण टाकतो. रात्री फुटपाथवर झोपायला जातो, तर तिथेही जागेची पगडी मागतात! समोरच सेठ सोनाचंद धर्मानंद यांची हवेली. तरीही त्याला मुलासारखं जवळ करते ती फुटपाथवरचीच केळीवाली गंगामाई. ललिता पवार यांनी ती अशी रंगवली आहे की डोळे भरून येतात.

फसवणूक कुठे झाली?

लाँड्रीत कपडे पोहोचवणारा राज पुढे पत्ते पिसण्याच्या हातचलाखीमुळे श्रीमंतांच्या गोटात शिरतो. मग सोनाचंद योजना काढतो: फक्त शंभर रुपयांत गरिबाला पक्कं घर! पैसे भरायला झुंबड उडते. त्यात राजवर माया करणारी फुटपाथवरची माणसंही असतात.

मुलांनी विचारलं, “शंभर रुपयांत घर होत नाही, एवढं त्यांना कळत नव्हतं?” आम्हाला वाटतं, कळत असणार. पण ज्या शहराला आपले हात हवेत आणि आपलं बिऱ्हाड नको, तिथे माणूस अशक्य गोष्टीवरही विश्वास ठेवतो. गरज मोठी असली की हिशेब मागे पडतो.

शिवाय सेठ साधा लुच्चा नाही. नावातच ‘धर्म’ आहे, आणि भाषणात देशसेवा. हे आपल्याला परकं नाही. ‘हलाल नफा’ अशी पाटी लावून आपल्याच वस्त्यांमध्ये किती जणांनी पैसे गोळा केले! मुलीच्या लग्नासाठी साठवलेली पुंजी, विधवेचे दागिने, हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, सगळं त्यात गेलं. दाढी आणि मधुर बोलणं पाहून आपण कागदपत्रं पाहिली नाहीत. अमानतीत खयानत करणारा गुन्हेगार आहेच, पण विचारपूस न करता शेजाऱ्यालाही त्यात ओढणारे आपणही थोडे जबाबदार आहोत.

सेठ तुरुंगात गेला, पुढे?

चित्रपटाच्या शेवटी सेठ पकडला जातो. पण त्याला पकडल्यानं फुटपाथ रिकामा होत नाही. अब्बास यांनाही हे ठाऊक असावं. १९६३ मध्ये त्यांनी ‘शहर और सपना’ काढला. त्यात घर न मिळालेलं जोडपं सिमेंटच्या मोठ्या पाइपात संसार मांडतं. तिथे एकट्या खलनायकावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पडद्याबाहेरची गोष्टही ऐका. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात न्यायालयानं मान्य केलं की रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ही माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून तिथे राहतात. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस देऊन हटवण्याची वाट खुलीच राहिली.

‘श्री ४२०’ मध्ये शेवटी राज लोकांना एक साधा हिशेब सांगतो. एकट्याच्या शंभर रुपयांत घर होत नाही, पण लाखोंचे शंभर एकत्र आले तर सरकारकडे जमीन मागून घरं उभारता येतील. भामट्यानं वापरलेली रक्कम तीच, फक्त हिशेब उघडा आणि मालकी सगळ्यांची.

आपल्या मोहल्ल्यात हे अवघड आहे, अशक्य नाही. सुरुवात घरापासून करू या. कुठेही पैसे गुंतवण्याआधी नोंदणी पाहू, पावती घेऊ, जाणकाराला विचारू. आणि फजरच्या नमाजला जाताना दुकानाच्या फळीवर झोपलेला माणूस दिसला, तर त्याला ओलांडून जाण्याआधी एवढं आठवू: हे शहर त्याच्याही हातांनी उभं राहिलं आहे.