घराचा भाव आणि कराराची भाषा

घर पाहावे बांधून, ही म्हण जन्मली त्या काळी जागा वाडवडिलांची असे, चिरे जवळच्या खाणीतले असत आणि घासाघीस व्हायची ती गवंड्याशी व सुताराशी. आजचा मध्यमवर्गीय गृहस्थ घर बांधत नाही, विकत घेतो. आयुष्यभराची कमाई ज्या एका व्यवहारात तो ओततो, त्यात त्याची सारी बुद्धी भाव पाडण्यातच खर्ची पडते. पन्नास हजार रुपयांसाठी चार बैठका मोडणारा हाच माणूस वीस पानांचा करारनामा न वाचताच सही करून मोकळा होतो. वस्तुतः भाव हा करारातील केवळ एक आकडा होय. त्या आकड्याच्या बदल्यात हाती काय पडणार, हे उरलेली पाने ठरवीत असतात.

याचे भान यावे म्हणून आज आम्ही वाचकांना मुद्दाम आपल्या किनाऱ्यापासून दूर, भोपाळला नेत आहोत. तलावांचे हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. तेथील एका प्रमुख वस्तीला तात्या टोपे यांचे नाव आहे आणि नोकरीधंद्यानिमित्त गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. भोपाळ संस्थानचा कारभार १ जून १९४९ रोजी भारत सरकारने हाती घेतला. नवाब हमीदुल्ला खान यांची ज्येष्ठ कन्या आबिदा सुलतान १९५० साली पाकिस्तानात गेली. १९६० साली नवाब निवर्तले आणि १९६२ मध्ये भारत सरकारने दुसरी कन्या साजिदा सुलतान यांना वारस म्हणून मान्यता दिली. नवाबी जमिनींवर पुढे वस्त्या उभ्या राहिल्या, घरे विकली गेली, संसार थाटले गेले. आणि २०१५ साली अभिरक्षकांनी ही मालमत्ता ‘शत्रू मालमत्ता’ असल्याचे जाहीर केले! २०१७ साली मूळ १९६८च्या कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने वारसांची याचिका निकालात काढून त्यांना अपिलाचा मार्ग दाखविला.

या वादाचा निवाडा न्यायालयांनी करावा. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या जमिनींवर घर घेणाऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाने त्या वेळी उत्तम सौदा केलाही असेल. परंतु विकणाऱ्याचा हक्कच वादात सापडल्यावर त्या स्वस्ताईचे मोल ते काय? म्हणून भावाच्या आधी हक्क तपासावा, ही पहिली पायरी. पैसे मोजल्यानंतर कागद शोधीत फिरणे म्हणजे वरातीमागून घोडे.

भोपाळात विसाराला ‘बयाना’ म्हणतात आणि नोंदलेल्या खरेदीखताला ‘रजिस्ट्री’. शहराभोवतालच्या शेतजमिनींवर आखलेले भूखंड विकले जातात, तेव्हा जाणते लोक आधी विचारतात ते ‘डायव्हर्शन’, म्हणजे जमिनीच्या वापरातील बदल, झाले आहे काय? ‘खसऱ्या’त नाव कोणाचे? नगररचना खात्याची मंजुरी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे हाती असतील तरच भावाच्या बोलण्याला बळ येते. पुराव्यानिशी दाखविलेली एक उणीव शंभर विनवण्यांपेक्षा अधिक किंमत उतरविते.

यानंतर येतो करार. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या विक्रीच्या करारामुळे खरेदीदार मालक होत नाही. त्यासाठी नोंदलेले खरेदीखतच लागते. तेव्हा विसार देताना मधल्या काळाची तरतूद लेखी हवी. बँकेने कर्ज नाकारले तर विसार परत मिळेल काय? विकणारा मागे फिरला तर काय? ताबा कोणत्या तारखेस? जुनी थकबाकी कोणी फेडायची? या चार ओळी लिहून घेण्यासाठी प्रसंगी पाच-दहा हजार अधिक मोजावे लागले, तरी तो तोट्याचा सौदा नव्हे.

बांधकाम व्यावसायिकाकडून नवे घर घेताना ग्राहक स्वतःला दुबळा समजतो. छापील करार बदलत नाही, असे त्याला सांगितले जाते आणि तो ते मानतो. परंतु २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने हे चित्र पालटले आहे. हे प्राधिकरण स्थापन करणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होते आणि त्याचे कार्यालय भोपाळातच आहे. लेखी करार करून तो नोंदविल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम व्यावसायिकास घेता येत नाही. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे त्याच्यावर राहते. ग्राहकाच्या विलंबाला १८ टक्के व्याज आणि व्यावसायिकाच्या विलंबाला अवघे ९ टक्के, असा करार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एकतर्फी ठरविला होता. छापील म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, एवढा बोध त्यातून घेतला तरी पुरे.

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. ‘निम्मे रोख, निम्मे चेकने’ हा शिष्टाचार भोपाळात काय आणि आपल्याकडे काय, सारखाच बोकाळला आहे. जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. कायद्याचे राहो; व्यवहार फिसकटला तर कागदावर न आलेली रक्कम कोणत्या न्यायालयात मागणार? चोरीच्या वाटेने गेलेला पैसा राजमार्गाने परत येत नसतो.

आपल्या गोव्यात तर सावधगिरीची निकड आणखी मोठी आहे. येथील नागरी कायद्यान्वये पती-पत्नी दोघांचीही संमती लागते, घरात मुंडकार असेल तर त्याचे हक्क असतात आणि कितीतरी जुन्या घरांचे वारस देशोदेशी पांगलेले असतात. यांपैकी एक सही राहिली, तर स्वस्तात मिळालेले घर नातवंडांच्या वाट्याला दावा म्हणून येते. ‘माणूस शब्दाचा आहे’ ही प्रशंसा आम्हांलाही प्रिय आहे. परंतु शब्दाचा माणूस तो शब्द कागदावर उतरविण्यास कचरत नाही. जो कचरतो, त्याचे घर कितीही स्वस्त असले तरी त्या उंबरठ्यावरूनच मागे फिरावे.