एकशे अठरावे घर

मराठीच्या मास्तराने रसायनशास्त्रात नाक खुपसू नये, हे मला कळते. पण दोष माझा नाही. आमच्या नगरच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक माझे शेजारी. नेवासे तालुक्यातील एका शाळेला मूलद्रव्यांचा मराठी तक्ता भेट द्यायचे त्यांनी ठरवले आणि शुद्धलेखन तपासायला कागद माझ्या पुढ्यात टाकला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारीत मी शेवटच्या घरापर्यंत आलो. तेथे लिहिले होते : '११८. ओगानेसॉन. वायू.'

"या वायूचा रंग कोणता हो?" मी सहज विचारले.

"कुणी पाहिलाय!"

"मग वायू कशावरून?"

शेजारी गप्प. मग चहा आला आणि दोन तास गेले.

वाचकहो, हे द्रव्य खाणीत सापडत नाही. ते घडवावे लागते. मॉस्कोजवळ दुब्ना गावी रशियन शास्त्रज्ञांनी, अमेरिकेतील लिव्हरमोरच्या मंडळींना सोबत घेऊन, कॅलिफोर्नियमच्या पातळ थरावर कॅल्शियमच्या अणूंचा महिनोन्‌महिने मारा केला. एकात प्रोटॉन ९८, दुसऱ्यात २०, बेरीज ११८. बेरीज सोपी, पण अब्जावधी अब्ज नेम चुकावेत तेव्हा एखादा जुळावा! पहिला अणू २००२ साली मिळाला. २००६ साली हिशेब जगापुढे मांडला तेव्हा गाठीला अणू होते तीन-चार. आणि त्यांचे आयुष्य? सेकंदाचा हजारावा भागही नाही.

मग तो आला होता हे ओळखायचे कसे? मांजर दिसले नाही तरी ओल्या सारवणावर तिची पावले दिसतात, तसे. हा अणू अल्फा कण फेकून ११६वा होतो, तो ११४वा, तो ११२वा, आणि मग दुभंगतो. प्रत्येक पावलाची वेळ आणि जोर उपकरण टिपते.

पावलांच्या पुराव्यात एक भय असते. १९९९ साली कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या प्रयोगशाळेने हेच मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले होते. इतरांना ते काही केल्या मिळेना. बर्कलेच्या लोकांनी स्वतःच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर त्या बनावट! २००२ साली त्यांनी तो शोधनिबंध मागे घेतला. आपली चूक छापून कबूल करणाऱ्यांविषयी मला आदर वाटला. म्हणूनच पुढे दुब्नाचा दावा पारखायला वेळ लागला असावा. मान्यता मिळाली ती २०१५च्या अखेरीस.

नामकरण नोव्हेंबर २०१६ मध्ये झाले. नाव युरी ओगानेसियन या हयात शास्त्रज्ञाचे. त्याआधी पोथीतले नाव होते 'एका-रेडॉन', म्हणजे रेडॉनच्या पुढचे एक घर. हा 'एक' आपल्या संस्कृतातला बरे! मेंडेलीव्हने १८७१ साली, तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांना 'एका-सिलिकॉन' वगैरे नावे दिली, तिथपासूनची ही रीत. १८८६ साली ते एका-सिलिकॉन सापडलेही. त्यालाच जर्मेनियम म्हणतात.

आता आमचा 'वायू'. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या निष्क्रिय वायूंच्या ओळीतले घर, म्हणून नावाला तोच 'ऑन' प्रत्यय लावला. शेजारी त्या प्रत्ययाला फसले. व्याकरण चोख, पण स्वभाव? ११८ प्रोटॉनांची ओढ एवढी जबर, की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करतात आणि त्यामुळे बाहेरच्यांचीही घडी बदलते. २०२० साली प्रसिद्ध झालेले गणित सांगते की हे द्रव्य पुरेसे साठलेच तर स्थायू असेल, आणि वितळेल सुमारे ५० अंशांवर. म्हणजे आमच्या नगरच्या वैशाखातही घट्ट राहील!

शेजारी म्हणाले, "जाऊ द्या हो. मुलांना कोण विचारतंय?"

मला ते पटेना. खेड्यातल्या भिंतीवर तक्ता वीस वर्षे टांगलेला राहतो. मुले तो पाठ करतात.

अखेर आम्ही लिहिले : 'गणिताने स्थायू, प्रत्यक्ष पाहिलेले नाही.' छापखान्यातला मुलगा म्हणाला, "सर, एवढं त्या घरात मावत नाही."

अक्षर बारीक करायला सांगितले.