कूलरचं गवत आणि 1084 माणसं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. बाजूची जाळी काढून गेल्या वर्षीचं गवत बघायचं: काळपटलेलं, कडक, कडेला पांढुरकी बुरशी. ‘निघेल अजून एक उन्हाळा,’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. दोन बादल्या पाणी ओतून बटण दाबलं की पहिल्या झोताबरोबर कुबट वास येतो. पारा 45 ला टेकलेला असला की तोही गोड लागतो.

त्या झोताकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं ते एका वहीमुळे. वही म्हणजे रुग्णांची नोंदवही, रजिस्ट्री. मार्च 2012 ते जून 2015 या काळात देशातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी ‘आयएलडी’च्या 1084 रुग्णांची एकाच प्रश्नावलीत नोंद केली. या आजारात फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांच्या नाजूक भिंती सुजतात, पुढे निबर होतात. कोरडा खोकला, जिना चढताना दम. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर श्वास घेताना चपलेचा वेल्क्रो हळूच उघडावा तशी चरचर ऐकू येते. अशा कितीतरी जणांना आधी टीबी समजून औषधं दिली जातात.

पाश्चात्त्य नोंदवह्यांत बहुधा आघाडीवर असतो तो आयपीएफ, म्हणजे कारण न सापडणारा प्रकार. इथे तो जेमतेम 14 टक्के निघाला. 47 टक्के रुग्णांना होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस: बुरशीचे कण, पक्ष्यांच्या पिसांची धूळ असलं काही रोज श्वासात जातं आणि शरीर त्यावर इतकं चवताळतं की स्वतःचंच फुप्फुस भाजून घेतं. यातल्या जवळपास निम्म्या लोकांचा संबंध कूलरच्या हवेशी होता!

गंमत बघा, हे एकट्या डॉक्टरला दिसणं जवळजवळ अशक्य होतं. असे रुग्ण एकेकट्याकडे किती येणार? आणि मे महिन्यात खानदेशात ‘घरी कूलर आहे का’ हे विचारणं म्हणजे ‘घरी माठ आहे का’ विचारण्यासारखंच. प्रश्नावलीला मात्र असला संकोच नसतो. ती कूलर, कबुतरं, भिंतीची ओल सगळ्यांनाच विचारते.

अर्थात कूलर घरोघरी असतो, आणि निरोगी शेजाऱ्यांची नोंद या वहीत नव्हती. त्यामुळे कूलरवर संशय पक्का झाला, गुन्हा शाबीत झाला असं मी म्हणणार नाही. पण संशयसुद्धा कामाचा आहे. सुरुवातीलाच कारण दूर केलं तर आजार थांबण्याची शक्यता असते; एकदा निबर झालेली भिंत पुन्हा मऊ होत नाही.

अशीच दुसरी एक वही आहे ब्राँकिएक्टेसिसची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या सैलावून त्यांत कफ साठण्याच्या आजाराची. त्याच्या 2195 भारतीय रुग्णांची नोंदवही 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत मोठं कारण निघालं जुना टीबी, सुमारे 35 टक्के.

चांगली वही एका भेटीत मिटत नाही. तोच रुग्ण पुन्हा येतो, सहा मिनिटांत किती चालतो, किती धाप लागते ते मागच्या आकड्याशेजारी लिहिलं जातं. समजा, धुळ्याच्या ओपीडीत कोणी विचारलं, ‘आजी, दम कधी वाढतो?’ आणि उत्तर आलं, ‘आखाजीनंतर.’ केसपेपरवर कदाचित कोणी तो शब्द लिहिणार नाही. वहीत त्यासाठी एक रकाना असतो.