रानाची सोयरीक

सन 2019 च्या अखेरीस टिपेश्वरच्या रानातला एक तरुण वाघ 1,300 किलोमीटरांहून अधिक चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. येथे त्याला वाघीण भेटली नाही. पण शोधावयास त्याला पाय तरी होते. डोंगरउतारावरच्या सलईने काय करावे?

सलईचे फूल स्वतःच्याच परागाने सहसा फळत नाही; दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो. रान सलग असते तोवर ही सोयरीक दूरवर जुळते. मध्ये शेते, रस्ते, वस्त्या आल्या, की तुकड्यात उरलेली झाडे आपसांतच, पुष्कळदा भावाबहिणींतच, बी धरतात. अशा बियांची रोपे अनेकदा दुबळी निघतात.

दुसरी झीज संख्येची. आईबापांचे गुण ज्यांतून उतरतात, त्या जनुकांचे नाना प्रकार एकाच जातीत असतात. सरळ हिशेबाने, बी धरणारी झाडे 10 च उरली तर दर पिढीस या विविधतेचा 20 वा भाग गळतो. 500 असली तर 1,000 वा. कोणते झाड अवर्षण सोसेल, कोणते कीड, हे आधी कळत नाही. संघटनेत आयुष्य घालवलेले आम्ही इतके जाणतो, की एकाच साच्याची माणसे एकाच घावात पडतात.

झाडे दीर्घायुषी, म्हणून जुने रान हिरवे दिसते आणि तोटा पुढच्या पिढीत उघडा पडतो. तेव्हा बांधावरची झाडे राखू. ती मधमाशीचे मुक्काम होत. आणि रोपांसाठी बी एकाच झाडाखालचे न वेचता रानभर फिरून अनेक झाडांचे घेऊ.